पट्टे आणि रेषा : सूर डोळ्यांनी पाहण्याचा आढावा

बाखच्या ‘टोकाटा अँड फ्यूग इन डी मायनर’ या ऑर्गनच्या रचनेची सुरुवात बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते, फक्त ती बाखची म्हणून माहीत नसते. भुताटकीच्या सिनेमांनी ती इतकी वापरली की ऑर्गन वाजू लागला की पडक्या वाड्याचे दार उघडणार, असेच आपल्याला वाटते. आता हीच रचना इंटरनेटवर कोट्यवधी वेळा पाहिली गेली आहे. पाहिली, असेच म्हणायला हवे. काळा पडदा असतो. उजवीकडून डावीकडे रंगीत पट्टे सरकत येतात. स्वर जितका उंच तितका पट्टा वर, आणि स्वर जितका वेळ टिकतो तितका पट्टा लांब. मध्यावर आला की पट्टा उजळतो आणि त्याच क्षणी तो स्वर ऐकू येतो. वादक दिसत नाही, चर्च दिसत नाही, ऑर्गनसुद्धा दिसत नाही.

ही चित्रे करणारा स्टीफन मॅलिनोव्स्की हा अमेरिकन संगीतकार आणि प्रोग्रामर. १९७०च्या दशकात त्याने कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर हाताने अशा पट्ट्यांची स्वरलिपी काढून पाहिली, आणि १९८५च्या सुमारास ती संगणकावर हलती केली. ‘म्युझिक ॲनिमेशन मशीन’ हे त्याने तिला दिलेले नाव. पुढे ब्यॉर्क या आइसलंडच्या गायिकेने २०११ मध्ये ‘बायोफिलिया’ हा अल्बम ॲपच्या रूपात काढला, तेव्हा त्यातल्या चित्रांसाठीही तिने त्यालाच बोलावले. आज पट्ट्यांची अशी हजारो चित्रे पडून आहेत, बरीचशी दुसऱ्यांनी केलेली आणि नुसती झगमगीत. तेव्हा प्रश्न एवढाच की या चित्रांतून संगीत खरेच काही जास्त कळते का, आणि कळत असेल तर कोणते संगीत.

माझे मत आधीच सांगतो. पट्ट्यांची ही पद्धत ऑर्गनला जितकी शोभते तितकी दुसऱ्या कुठल्याही वाद्याला शोभत नाही, आणि आपल्या गाण्याला तर ती मुळीच चालत नाही. याचे कारण चित्रकाराच्या कौशल्यात नाही, वाद्याच्या पोटात आहे.

पाइप ऑर्गन कसा चालतो हे भिवपुरीच्या माणसाला समजावणे सोपे आहे. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या कड्याशी येते आणि तिथून सुमारे पाचशे मीटर खाली मोठ्या नळांतून भिवपुरीच्या वीजघरात उतरते. नळात पाण्याचा दाब कायम उभा असतो. खाली झडप उघडली की काम सुरू, बंद केली की थांबले. ऑर्गनमध्ये पाण्याच्या जागी हवा असते. भाते किंवा विजेचा पंखा ती एका पेटाऱ्यात ठरावीक दाबाने भरून ठेवतो. स्वराची पट्टी दाबली की त्या स्वराच्या नळीखालची झडप उघडते आणि नळी बोलू लागते. पट्टी हळू दाबली काय किंवा जोरात दाबली काय, आवाज तेवढाच. बोट उचलेपर्यंत तो तसूभरही कमी होत नाही आणि उचलल्यावर नळी गप्प होते.

म्हणजे ऑर्गनच्या स्वराला दोनच अवस्था आहेत : आहे आणि नाही. पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून विरू लागतो. सारंगीचा किंवा व्हायोलिनचा स्वर गजाखाली फुगतो, बारीक होतो, सरकतो. गळ्याचे तर बोलायलाच नको. रंगीत पट्टा मात्र एका ठिकाणी सुरू होतो, एकाच जाडीने चालतो आणि एका ठिकाणी संपतो. त्यामुळे ऑर्गनच्या स्वराचे तो जवळजवळ खरे चित्र ठरतो. दुसऱ्या वाद्यांच्या बाबतीत तो फार तर खूण.

दुसरी गोष्ट रचनेची. बाखने ऑर्गनसाठी लिहिलेल्या फ्यूगमध्ये एकाच वेळी तीन-चार स्वतंत्र आवाज चालतात. एका आवाजात विषय येतो, तो संपतो न संपतो तोच दुसरा आवाज तोच विषय वेगळ्या उंचीवर उचलतो आणि पहिला आपली वेगळी वाट धरतो. एका वेळी एकच सूर ऐकायची आणि त्याच्यामागे जायची सवय असलेल्या आपल्या कानाला इथे गर्दी वाटते. ‘लिटल फ्यूग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जी मायनर फ्यूगमध्ये चार आवाज आहेत आणि विषय वरच्या आवाजाकडून खालच्याकडे पायरीपायरीने उतरत येतो. नुसत्या कानाने तिसऱ्या आवाजापाशी माणूस हरवतो. चित्रात मात्र ओळखीचा आकार एकाखाली एक असा चार वेळा सरकत येतो आणि त्याला शोधावे लागत नाही. तीन-चार वेळा पाहिल्यावर डोळे मिटून ऐकले तर तो आकार कानालाही सापडू लागतो. चित्राची परीक्षा मी यावरच करतो : चित्र काढून घेतल्यावर ऐकणे सुधारले का.

सी मायनरमधली ‘पासाकाल्या’ हे याहून चांगले उदाहरण. तिच्यात आठ मात्रागटांचा एक विषय आधी एकट्या पायपट्ट्यांवर वाजतो आणि मग त्यावर वीस वेळा वेगवेगळे बांधकाम होते. तबल्याच्या एकल वादनाला पेटीवर लेहरा धरतात तो ज्याने ऐकला आहे त्याला हे लगेच कळेल. खालची ओळ फिरत राहते आणि वर करामती होतात. फरक असा की बाख मध्येच तो लेहरा वरच्या आवाजात नेतो, तुकडे करून विखरून टाकतो, आणि तरीही तो चालू असतोच. तो कुठे गेला हे पट्टे दाखवतात.

आणि टोकाटाबद्दल एक गंमत. ही रचना बाखचीच का, अशी शंका पीटर विल्यम्स या अभ्यासकाने १९८१ मध्ये जाहीरपणे मांडली. बाखच्या हातची प्रत उपलब्ध नाही; सर्वांत जुनी प्रत योहानेस रिंक नावाच्या नकलाकाराची आहे. विल्यम्सच्या आक्षेपांपैकी एक असा की सुरुवातीला दोन्ही हात तेच स्वर एका सप्तकाच्या अंतराने वाजवतात, जे त्या काळच्या ऑर्गनलेखनात विरळा. मूळ रचना कदाचित व्हायोलिनची असावी. हा मुद्दा पुस्तकात वाचताना क्लिष्ट वाटतो. चित्रात पहिल्या क्षणालाच एकाखाली एक दोन जुळे आकार पळताना दिसतात आणि मुद्दा संपतो. (शंका खरी की खोटी हा भाग वेगळा. मला ती रचना बाखची असावी असे वाटते, पण वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत.)

पट्ट्यांचा आणखी एक उपकार आहे, त्याचा फारसा उल्लेख होत नाही. ऑर्गनच्या पायपट्ट्यांवरचे खालचे स्वर फार खोल असतात. सोळा फुटी नळीचा सर्वांत खालचा सी सेकंदाला जेमतेम ३३ कंपनांचा, बत्तीस फुटीचा त्याच्या निम्म्याचा. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला हे सूर उचलताच येत नाहीत. भिवपुरी रोडला चढून सीएसएमटीपर्यंत दोन तास मोबाइलवर हे पाहणाऱ्या माणसाला खालची ओळ खऱ्या अर्थाने ऐकूच येत नसते. वरच्या उपस्वरांवरून मेंदू तिचा अंदाज बांधतो. पण पडद्याच्या तळाशी ती ओळ दिसत असते, आणि डोळ्याने सुचवले की कान तिथे लक्ष देतो.

हे झाले कौतुक. आता पट्टे काय लपवतात ते पाहू. ऑर्गनवादक स्टॉप, म्हणजे नळ्यांचे संच जोडणाऱ्या खुंट्या, ओढतो तेव्हा एका पट्टीवर एकाऐवजी पाच-सहा नळ्या बोलू लागतात, त्यातली एक सप्तकाने वर, एक दोन सप्तकांनी वर, एखादी पंचमावर. बासरीसारखा गोल आवाज की पितळी कर्णा, हे स्टॉपवर ठरते. ऑर्गनवादकाची निम्मी कला तिथे आहे. पट्टा मात्र कोणती पट्टी दाबली एवढेच सांगतो. मोठ्या दगडी चर्चमध्ये स्वर थांबल्यावरही तो पाच-सहा सेकंद घुमत राहतो, आणि चांगला वादक त्या घुमण्याचा हिशेब धरून दोन स्वरांमध्ये फट ठेवतो. पट्टा मात्र चोख संपतो. तेव्हा मॅलिनोव्स्कीची चित्रे ही ऐकू येणाऱ्या आवाजाची नव्हेत, कागदावरच्या स्वरलिपीची आहेत, एवढे ध्यानात ठेवावे. त्यात कमीपणा काही नाही. कमीपणा येतो तो नकला करणाऱ्यांकडे, जिथे पट्ट्यांतून ठिणग्या उडतात, मागे आकाशगंगा फिरते आणि रंगांचा कशाशीच संबंध नसतो. मॅलिनोव्स्कीचे रंग बहुधा स्वरांच्या परस्पर नात्यावरून किंवा आवाजांच्या वाटणीवरून ठरलेले असतात. तिथेच दोघांतला फरक आहे.

या सगळ्याची वंशावळ जुनी आहे. लुई बेर्त्रां कास्तेल या फ्रेंच जेसुइटाने १७२५ मध्ये स्वर दाबला की रंग दिसेल अशा वाद्याची कल्पना मांडली. लंडनच्या अलेक्झांडर वॉलेस रिमिंग्टनने १८९०च्या दशकात दिव्यांचा ‘कलर ऑर्गन’ बांधला. स्क्रियाबिनने १९१०च्या ‘प्रॉमिथ्यूस’मध्ये रंगांच्या वाद्यासाठी स्वतंत्र ओळ लिहिली, आणि १९१५ मध्ये न्यूयॉर्कला ती रंगांसह सादर झाली. सगळ्यांची अडचण एकच : कोणत्या स्वराला कोणता रंग, यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. स्वर आणि रंग यांची गाठ निसर्गाने घातलेली नाही, आणि घातली आहे असे धरून चाललेला प्रत्येक प्रयोग फसला आहे. टॉमस विल्फ्रेडने हे ओळखले. त्याने ‘क्लॅव्हिलक्स’ हे प्रकाशाचे वाद्य जानेवारी १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर आणले आणि संगीत चक्क वगळले. नुसता प्रकाश हलत राहायचा. त्याच वर्षी भिवपुरीचे वीजघर सुरू होऊन मुंबईला दिवे पुरवू लागले, हा योगायोग. पण विजेशिवाय यातला एकही प्रयोग पुढे सरकला नसता, हे खरे.

सिनेमा आल्यावर काम सोपे झाले. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली आणि मग आगकाड्या नाचवल्या. काळ दृश्य करण्याची युक्ती त्यांना चांगली कळली होती, ती सुरांकडे मात्र वळली नाही. तिकडे मेरी एलन ब्यूटने १९३७च्या सुमारास ‘एस्केप’ या लघुपटात बाखची तीच टोकाटा घेतली. ऑस्कर फिशिंगर हा जर्मन चित्रकार त्याच रचनेसाठी डिस्नेच्या ‘फँटेसिया’वर काम करत होता, त्याच्या आकृत्या बदलत गेल्या आणि तो १९३९ मध्ये बाहेर पडला. १९४० मध्ये आलेल्या ‘फँटेसिया’तला तो भाग आज पाहिला की ढग, व्हायोलिनचे गज, लाटा असे काहीबाही तरंगताना दिसते. मजा म्हणजे त्यात ऑर्गन नाहीच. लिओपोल्ड स्टोकोव्स्कीने केलेले वाद्यवृंदाचे रूपांतर आहे. ऑर्गनच्या संगीताचे जगातले सर्वांत गाजलेले चलच्चित्र ऑर्गनशिवाय आहे. फिशिंगरने पुढे १९४७ मध्ये बाखच्याच ब्रँडेनबर्ग कॉन्सर्टोवर ‘मोशन पेंटिंग नंबर वन’ केले, काचेसारख्या पारदर्शक फळ्यांवर कुंचल्याचा एकेक फटका मारत. त्यात स्वरागणिक काही हलत नाही, तरी चित्र म्हणून ते ‘फँटेसिया’च्या शंभर पट वर आहे. आणि नॉर्मन मॅकलारेनने ‘सिंक्रोमी’मध्ये १९७१ साली वेगळीच कडी केली : फिल्मच्या ध्वनिपट्टीवर आकार काढून त्यांतूनच आवाज निर्माण केला आणि तेच आकार पडद्यावर दाखवले. दिसते तेच वाजते, याहून सरळ व्यवहार नाही. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पतींनी ‘एक्सप्लोरर’सारख्या छोट्या पटांत आवाज आणि चित्र यांची झटापट करून पाहिली, पण ती वाट तिथेच राहिली.

ऑर्गनच्या बाबतीत दोन टोकाची उदाहरणे सांगून पुढे जातो. लिगेतीची ‘व्होल्युमिना’ ही १९६०च्या दशकाच्या सुरुवातीची ऑर्गनरचना स्वरांत नव्हे, आकृत्यांतच लिहिलेली आहे. वादक पट्ट्यांवर अख्खे हात टेकवतो. स्वीडनमधल्या गोटेनबर्गला सरावातच ऑर्गनच्या विजेच्या तारा जळाल्या. दुसरे, जॉन केजची अतिसंथ रचना : जर्मनीतल्या हाल्बरश्टाट गावात ती २००१ मध्ये सुरू झाली आहे आणि २६४० मध्ये संपायची आहे. तिचा एकेक पट्टा काढायला कुठला पडदा पुरणार?

याहून आपल्याला जवळचे उदाहरण ऑलिव्हिए मेसियाँचे. पॅरिसच्या ला त्रिनिते चर्चमध्ये १९३१पासून १९९२मध्ये मृत्यू येईपर्यंत तो ऑर्गनवादक होता. स्वरसमूह ऐकले की आपल्याला रंग दिसतात असे तो सांगे. पण आपल्यासाठी महत्त्वाचे हे की त्याच्या लयींचा मोठा साठा देवगिरीहून गेलेला आहे. यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यातल्या १२० देशी तालांची यादी एका फ्रेंच संगीतकोशातून मेसियाँच्या हाती पडली. १९३५च्या त्याच्या ‘ला नातिव्हिते द्यु सेन्यर’ या ऑर्गनरचनेत रागवर्धन हा ताल थेट वापरलेला आहे. पुढून आणि मागून सारख्याच येणाऱ्या लयी मेसियाँला फार प्रिय. त्या कानाने ओळखणे जवळजवळ अशक्य; वेळ एकाच दिशेने जातो, कान मागे वळून पाहू शकत नाही. पट्ट्यांत मात्र मधल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना सारखी मांडणी उघड दिसते. आपल्याकडच्या तालशिक्षकांनी हे एकदा पाहावे. देवगिरीचे ताल चित्रात पाहायला पॅरिसमार्गे जावे लागते, याची थोडी लाजही वाटावी.

आता आपल्या ऑर्गनकडे येऊ. कर्जत-खालापूरच्या गावात पाइप ऑर्गन नाही. पण सप्ताहातल्या भजनाला पेटी असते, कर्जत लोकलच्या भजनी डब्यांतही ती भेटते, आणि पेटी ही ऑर्गनच्याच कुळातली. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबेंने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती हाताच्या भात्याची करून जमिनीवर बसवली. मराठी रंगभूमीने मात्र पायाने भाता मारायचा ऑर्गन पसंत केला. पेटीत हवा दाबून रीडमधून बाहेर सोडतात, अमेरिकन घडणीच्या ऑर्गनमध्ये ती आत ओढून घेतात. म्हणून त्याचा आवाज जास्त गोल आणि मऊ. गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर, कादरबक्ष सारंगीवर आणि थिरकवा तबल्यावर, अशी साथ असे. पुढच्या पिढीत गोविंदराव पटवर्धनांनी (१९२५–१९९६) नाट्यपदांची साथ इतकी गळ्याबरहुकूम केली की ऐकणाऱ्याला ऑर्गन मींड घेतो असे वाटे.

वाटे, कारण तो घेऊ शकत नाही. सगळा वाद इथेच आहे. पेटी आणि ऑर्गन, दोन्ही ‘आहे-नाही’ या जातीची वाद्ये. दोन स्वरांच्या मधली जागा त्यांना नाही. शिवाय त्यांचे स्वर सारख्या अंतरांचे. सप्तकाचे १२०० भाग केले तर पेटीचा शुद्ध गंधार ४०० वर बसतो, आणि चांगल्या लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ वर. या चौदा भागांवरून महाराष्ट्रात शंभर वर्षे शाई सांडली आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँच्या गळ्याच्या आधारे मोजमापे करून १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, ई. क्लेमंट्स या न्यायाधीशाने त्यांच्याबरोबर श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत, जी भातखंड्यांनी भरवली होती, त्या पेटीवर वाद झाला आणि ती चालली नाही. नंतर आकाशवाणीने १९४०पासून १९७१पर्यंत पेटीच बाहेर ठेवली.

या वादात दोन्ही बाजूंकडे कान होते, पुरावा कुणाकडेच नव्हता. पुरावा म्हणजे रेषा. गाणाऱ्याच्या स्वराची उंची सेकंदातून अनेकदा मोजायची आणि ते ठिपके जोडत जायचे. नाझिर जैराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत असे दिसले की एकाच कलावंताचा, एकाच मैफलीतला, एकाच रागातला गंधारसुद्धा एका जागी नसतो. १९८०च्या दशकात बर्नार्ड बेल आणि जेम्स अर्नोल्ड यांनी स्वरांची हालचाल टिपणारे यंत्र बांधले आणि नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये त्यावर काम झाले. त्याच संस्थेत २००० नंतर सुवर्णलता राव आणि अॅमस्टरडॅम विद्यापीठाचे विम व्हान डर मेर यांनी ‘ऑट्रिम’ हा प्रकल्प चालवला. त्यांच्या ‘म्युझिक इन मोशन’ या हलत्या आलेखांना मी या आढाव्यात सर्वांत वरचे स्थान देईन, मॅलिनोव्स्कीच्याही वरचे.

त्यात पट्टे नाहीत. आडव्या बारीक रेघा म्हणजे गायकाच्या षड्जावरून धरलेल्या स्वरांच्या जागा. त्यांवरून एक वळणदार रेषा चालते आणि एक उभी खूण आवाजाबरोबर सरकते. आलापी सुरू होते तेव्हा जे दिसते ते पाहून पहिल्यांदा माणूस गोंधळतो : रेषा आडव्या रेघांवर फार थोडा वेळ टेकते. निम्म्याहून जास्त काळ ती कुठून तरी कुठे तरी चाललेली असते. आपण ज्याला गंधार म्हणतो तो बऱ्याचदा मध्यमावरून ओघळून पुन्हा वर जाणारा एक झोका असतो, आणि कोमल गंधाराचे आंदोलन म्हणजे एका जागेचा स्वर नव्हेच, ती एक ठरावीक प्रकारची लाट आहे. रागाची ओळख स्वरांच्या यादीत कमी आणि या वळणांत जास्त, हे गुरू शिष्याला आयुष्यभर सांगत आले. इथे ते दोन मिनिटांत दिसते. बावीस जागांच्या नेमक्या आखणीला मात्र या आलेखांनी आधार दिलेला नाही. राव आणि व्हान डर मेर यांनी तसे स्पष्ट लिहिले आहे. श्रुतींवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांना हे रुचत नाही, पण रेषेला श्रद्धा नसते.

रेषेचेही दोष आहेत. उभ्या दिशेने चित्र ताणले तर साधी हरकत सह्याद्रीसारखी दिसते, दाबले तर मींड सपाट होते. म्हणजे चित्रकाराची मर्जी इथेही आलीच. व्यंजनांपाशी रेषा तुटते, कारण ‘स’ किंवा ‘त’ला उंची नसते. आवाजाची जात, शब्दांचे उच्चार, समेवर येण्याचा तोरा, यांपैकी काही तिच्यात येत नाही. आणि सर्वांत मोठी अडचण साथीची. गळ्याबरोबर पेटी तेच स्वर वाजवत असेल तर यंत्राला दोघांत निवड करता येत नाही आणि रेषा मध्येच पेटीवर उडी मारते. पवईच्या आयआयटीत प्रीती राव यांच्या गटाने नेमक्या याच प्रश्नावर, स्वरवाद्याची साथ असताना गळ्याची रेषा कशी वेगळी काढायची यावर, बरेच काम केले आहे. बार्सिलोनाच्या विद्यापीठातल्या शावियर सेरा यांच्या ‘कॉम्पम्युझिक’ या २०११ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाने हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचे मोठे संग्रह अशा रेषांसह मांडले. अलीकडे गळा आणि वाद्ये वेगळी करणारी सॉफ्टवेअर फुकट मिळू लागली आहेत. जुन्या, खरखरणाऱ्या ७८च्या तबकड्यांवर ती अजून धडपडतात, आणि बालगंधर्वांचा गळा नेमका तिथेच आहे.

रागांचे चित्र काढण्याची आपली जुनी रीत रागमालांची. सोळाव्या शतकाअखेरच्या दख्खनी रागमालांपैकी काही अहमदनगरच्या निजामशाहीशी जोडल्या जातात. त्या सुंदर आहेत, पण त्या रागाचा भाव आणि देवता दाखवतात, सूर नव्हे. ‘फँटेसिया’ त्यांचीच दूरची, कमी देखणी बहीण. भातखंडे आणि पलुस्कर यांच्या स्वरलिपी दुसऱ्या टोकाला : त्यांत स्वर आहेत, मींडेची कमान आहे, पण कमानीत काय घडते ते गुरूच्या तोंडून घ्यावे लागते.

तर पट्टे ऑर्गनचे आणि रेषा गळ्याची, अशी वाटणी आहे. मला हवे आहे ते दोन्हींच्या मधले चित्र, आणि त्याला मराठी नाट्यसंगीतासारखे दुसरे साहित्य जगात नाही. खाली ऑर्गनचे पट्टे, त्यांवरून गळ्याची रेषा. गायक पंचमावरून मध्यमात ओघळतो तेव्हा ऑर्गनवादक काय करतो? तो मधले स्वर भरभर जोडतो, की एक स्वर धरून ठेवून दुसरा आत मिसळतो, की बोट उचलून जागाच मोकळी सोडतो? पटवर्धनांसारख्यांच्या साथीत मींडेचा भास कशामुळे होतो, याचे उत्तर अशा चित्रात सापडेल. गंधारावर पट्टा ४००वर आणि रेषा त्याच्या किंचित खाली, की ऑर्गनच्या संगतीने गळाही वर सरकलेला? पेटीने गळे बिघडवले हा आरोप आकाशवाणीने तीस वर्षे खरा धरला. तो तपासण्याचे साधन आज हातात आहे.

यासाठी मोठी संस्था लागत नाही. कर्जत-खालापुरात पेटीवाले आहेत, भजनी मंडळे आहेत, इंजिनियरिंगची मुले आहेत. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाचे ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’ आणि अॅमस्टरडॅमचे ‘प्रात’ ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. पहिल्यात स्वराची रेषा काढणारे जोडसॉफ्टवेअर वेगळे घालावे लागते. पेटीचे पट्टे काढायला कीबोर्डवरून मिडी नोंद, म्हणजे कोणती पट्टी कधी दाबली याची नोंद, घेतली की झाले. गायकाला आणि पेटीला वेगवेगळे माइक द्या, शक्य तितके दूर बसवा. मोबाइल पेटीवर ठेवू नका, भात्याचे धक्के नोंदले जातात. आणि सुरुवातीला अर्धा मिनिट नुसता तंबोरा आणि गायकाचा षड्ज नोंदवून घ्या. तो नसेल तर रेषा कितीही देखणी आली तरी तिच्यातला गंधार कोणता, हे पुढे कुणालाही ठरवता येणार नाही.